रेल्वेच्या चाकांची नाडीपरीक्षा



माठ विकत घेताना आई तो बोटाने वाजवून बघायची, आठवतंय? खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर परत ठेवायचा. रात्रीच्या गाडीने जाताना भुसावळसारख्या मोठ्या स्टेशनवर खालून येणारी टक-टकही आठवत असेल. रेल्वेचा माणूस हातोडीने चाके वाजवत जायचा. माठ काय किंवा चाक काय, तत्त्व एकच: वस्तूला तडा गेला की तिचे कंपन बदलते. आज जर्मनीत आपण मुलाबाळांसह ज्या आयसीईने फिरतो, तिथे हे काम काही प्रमाणात सेन्सर करतात. ते कसे, आणि त्याची गरज का पडली, याची ही थोडक्यात माहिती.

एशेडेचा धडा

३ जून १९९८ रोजी म्युनिकहून हॅम्बुर्गला निघालेली आयसीई ८८४ एशेडे गावाजवळ ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगात रुळावरून घसरली आणि पुलावर आदळली. १०१ माणसे गेली. तिथल्या स्मारकापाशी आज १०१ चेरीची झाडे उभी आहेत.

कारण होते एक चाक. सुरुवातीच्या आयसीईला एकसंध पोलादी चाके होती. ती झिजून किंचित वेडीवाकडी झाली की डब्यात घरघर जाणवे, विशेषतः रेस्टॉरंटच्या डब्यात. त्यावर उपाय म्हणून चाक आणि बाहेरची पोलादी धाव यांच्यामध्ये रबर बसवलेली चाके आणली. घरघर गेली, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती धाव थोडी वाकत राहिली. पोलाद थकले आणि आतून तडा वाढत गेला.

अपघाताआधीच्या दोन महिन्यांत गाडीवरच्या कर्मचाऱ्यांनी त्याच बोगीच्या आवाजाबद्दल आणि हादऱ्यांबद्दल आठ वेळा तक्रार नोंदवली होती. (इथे बोगी म्हणजे आपण म्हणतो तो डबा नव्हे, तर डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा.) चाक सांगत होते, पण ते बदलले गेले नाही. पुढे ही रबरी चाके काढून पुन्हा एकसंध चाके बसवण्यात आली.

पोलाद थकते म्हणजे काय?

हेही जर्मनीतच उलगडले. रेल्वे अभियंता आउगुस्ट व्योलर यांनी १८५० आणि ६० च्या दशकांत ॲक्सलवर प्रयोग करून दाखवले की एका झटक्यात न तुटणारे पोलाद कमी भारानेही, तो लाखो वेळा पडला तर तुटते. तार पुन्हा पुन्हा वाकवून आपण तोडतो, तसेच. त्यांच्या नावाचा आलेख आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात.

सेन्सर नेमके काय ऐकतो?

ॲक्सलच्या टोकाला बेअरिंगची पेटी असते. तिच्यावर ॲक्सेलरोमीटर नावाचा छोटा सेन्सर बसवतात. तो दर सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा हादरे मोजतो.

एक साधे गणित करू. चाकाचा व्यास ०.९२ मीटर, म्हणजे परीघ सुमारे २.८९ मीटर. ताशी २०० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला सुमारे १९ फेरे घेते. ब्रेक लागून चाक घसरले आणि एका जागी सपाट झाले, तर दर फेऱ्याला एक ठोका, म्हणजे सेकंदाला १९ ठोके. वेग निम्मा झाला की ठोकेही निम्मे. बेअरिंग खराब असेल तर याहून खूप जलद, बारीक खडखड येते. डॅम्पर निकामी झाला तर बोगी डावी-उजवीकडे नागमोडी डोलते. प्रत्येक दुखण्याची नाडी वेगळी!

पण दोष गाडीचा की रुळाचा? तेही कळते. एकाच ठिकाणी सगळे डबे हादरले तर दोष रुळात. सगळीकडे एकच चाक हादरत असेल तर दोष चाकात.

मालगाडीच्या डब्यांत बहुधा वीज नसते, म्हणून तिथले सेन्सर बॅटरीवर किंवा सौर पट्टीवर चालतात. काही ठिकाणी उपकरण गाडीत नसून रुळालाच असते. भारतीय रेल्वेतही चाकाचा आघात मोजणारी 'वाइल्ड' ही यंत्रणा अशीच रुळावर बसवलेली असते.

मर्यादाही लक्षात घ्या

९ जुलै २००८ रोजी कोलोन स्टेशनमधून निघताना एका आयसीई-३ चा ॲक्सल तुटला. वेग कमी होता म्हणून सगळे बचावले. ॲक्सलमधला बारीक तडा कंपनांत सहसा उमटत नाही. उमटेपर्यंत फार उशीर झालेला असू शकतो. म्हणून त्यानंतर अल्ट्रासाउंडची तपासणी पूर्वीपेक्षा खूपच कमी किलोमीटरच्या अंतराने होऊ लागली. थोडक्यात, सेन्सर हा पहारेकरी आहे, डॉक्टर नव्हे. आणि त्याने हाक मारल्यावर कोणी उठलेच नाही, तर त्याचा उपयोग शून्य.

आपण काय करावे?

एशेडेला धावेचा तुकडा डब्याची जमीन फोडून वर आला होता. एका प्रवाशाने तो पाहिला आणि जाऊन कंडक्टरला सांगितले. कंडक्टर आधी स्वतः पाहायला निघाला, तेवढ्यात अपघात झाला. म्हणून:

१. नेहमीपेक्षा वेगळी खडखड किंवा हादरे जाणवले तर कंडक्टरला लगेच सांगा, डब्याचा आणि सीटचा क्रमांकही द्या. भाषा अडली तरी संकोच नको.
२. धोका डोळ्यांसमोर दिसत असेल तर लाल 'नोटब्रेम्जे' ओढा, परवानगीची वाट पाहू नका. विनाकारण ओढणे मात्र गुन्हा आहे.
३. मुलांनाही हे दोन्ही शिकवून ठेवा.

जाता जाता एक गंमत. आपल्या लाडक्या डेक्कन क्वीनला जून २०२२ मध्ये 'एलएचबी' डबे लागले. ही अक्षरे म्हणजे लिंके-होफमान-बुश, झाल्सगिटरची जर्मन कंपनी! तेव्हा पुढच्या सुट्टीत पुण्याहून मुंबईला जाताना मुलांना नक्की सांगा.

गुटे राइजे, अर्थात शुभ प्रवास!