सिन्नरचा एक निवाडा व कामगाराचें लक्षण

सिन्नर म्हटलें कीं संशोधकांचें चित्त गोंदेश्वराच्या देवालयाकडे व यादवकालीन लेखांकडे धांवतें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच गांवच्या विडीच्या धंद्यांतून निघालेला एक अर्वाचीन कागदही तितक्याच बारकाईनें वाचण्याजोगा आहे, असें आमचें मत आहे. तो म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ता. २४ ऑक्टोबर १९६१ चा 'शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निवाडा. दारिद्र्य हटविण्याचें धोरण नेमकें कोठें अडतें, हें त्यांत स्पष्ट दिसतें.

सिन्नर तालुक्याचा पूर्वभाग अवर्षणाचा. शेतांत काम नसलें म्हणजे हात विडीकडे वळतात. पान व तंबाखू कारखानदार देतो. मजुरी वळलेल्या विड्यांच्या संख्येवर मिळते. वाद इतकाच होता कीं, अशा मजुरास १९४८ च्या कारखाना-कायद्यान्वयें, वीस दिवसांच्या कामामागें एक दिवस या मानाची, भरपगारी रजा मिळावी कीं नाहीं. मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निर्णय कारखानदाराच्या विरुद्ध गेल्यानें प्रकरण दिल्लीस पोंचलें.

निवाड्यांत मजुराची हकीकत नमूद आहे ती अशी: ठराविक तासांचें बंधन नाहीं, वाटेल तेव्हां यावें, वाटेल तेव्हां जावें, काम चालू असतां देखरेख नाहीं, दिवसाअखेर विड्या स्वाधीन कराव्या, हलक्या ठरतील त्या बाद व्हाव्या. यावरून न्या. दास व न्या. रघुवर दयाल यांनीं ठरविलें कीं, हा कायद्याच्या अर्थानें 'कामगार' नव्हे. न्या. सुब्बाराव यांनीं भिन्न मत दिलें. आम्हांस तेंच ग्राह्य वाटतें. नैयायिक ज्यास अव्याप्ति म्हणतात तोच दोष येथें घडला. लक्षण घड्याळ व मुकादम यांवरून बांधलें, त्यामुळें रोज विड्या वळून पोट भरणारा लक्षणाबाहेर राहिला. ज्यास मोकळीक म्हटलें तिचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, न आल्यास त्या दिवसाची मजुरी बुडते. कौटिल्यानेंही भृतकांच्या प्रकरणांत व्याधीमुळें काम अडल्यास सवलत सांगितली आहे!

त्या काळीं अर्थशास्त्रज्ञांची समजूत निराळी होती. शेतीवरील जादा माणसें वाढत्या उद्योगांत सामावतील, अशी मांडणी आर्थर लुईस यांनीं १९५४ सालीं केली होती. पुढें १९७२ सालीं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियाविषयक अहवालानें कायद्याच्या व नोंदींच्या बाहेर राबणाऱ्या लोकांकडे जगाचें लक्ष वेधलें, व 'अनौपचारिक क्षेत्र' ही संज्ञा रूढ झाली. सिन्नरचा कागद त्याहून अकरा वर्षांनीं जुना आहे.

विडी-कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा १९६६ सालीं झाला. त्यानें घरीं विड्या वळणारांसही 'कामगार' मानलें व वीस दिवसांमागें एक रजा दिली. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो वैध ठरविला. घरकाम करणाऱ्या मजुरांविषयींचा जागतिक करार जिनीव्हा येथें १९९६ सालीं झाला. त्यास भारतानें मान्यता दिलेली नाहीं.

संग्राहकांस एक विनंति. विडी-कारखान्यांच्या मजुरीच्या वह्या, पान-तंबाखू वाटपाचे हिशेब, बाद विड्यांच्या नोंदी कोणाच्या माळ्यावर असल्यास त्या रद्दींत घालूं नयेत. रजेवांचून किती माणसें किती दिवस राबलीं, हें त्या वह्यांवरूनच मोजतां येईल.