अवघड पाठीच्या घोड्याला खोगीर कसं निवडायचं?

आषाढी वारीच्या आधी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व आळंदीकडे निघतात. मिरज, सांगली, कराड, सातारा ही वाट ते चालत कापतात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्यावर कुणी बसत नाही. त्यांचे फोटो दरवर्षी मोबाइलवर फिरतात आणि खाली घोड्याच्या रंगाची, उंचीची, चालीची चर्चा रंगते. खोगिराबद्दल सहसा कुणी विचारत नाही. खरं तर माणूस घेऊन रोज मैलोन् मैल चालणाऱ्या कुठल्याही घोड्याचं बरंवाईट खोगिरावरच ठरतं.

अलीकडे कराड-सांगली पट्ट्यात हौसेने घोडा पाळणारे दिसतात. घोडा अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून येतो, खोगीर ऑनलाइन. घोडा निवडताना दहा जाणकार सोबत नेतात. खोगीर मात्र रंग आणि किंमत बघून मागवलं जातं. पाठ सरळसोट असेल तर निभावतं. अवघड असेल तर महिन्याभरात केस झडतात, सूज येते, मग जखम.

अवघड पाठ म्हणजे कशी?

आयाळ संपते तिथे घोड्याच्या खांद्यांच्या मध्ये हाडाचा एक उंचवटा असतो. मारवाडी, काठियावाडी आणि रेसच्या घोड्यांमध्ये तो बऱ्याचदा उंच आणि अरुंद असतो. अशा घोड्यावर खोगिराची पुढची कमान थेट हाडावर टेकते. याच्या उलट काही तट्टांची आणि खेचरांची पाठ पिंपासारखी गोल असते, उंचवटा जवळजवळ नसतोच. तिथे खोगीर उजवी-डावीकडे फिरतं. मग मालक तंग आणखी आवळतो आणि घोड्याचा श्वास कोंडतो.

वयस्क घोड्याची किंवा बऱ्याच वेळा व्यायलेल्या घोडीची पाठ मध्येच खोलगट झालेली असते. खोगीर मग पुलासारखं पुढे आणि मागे टेकतं, मध्ये अधांतरी. सगळं वजन चार ठिकाणी येतं. वाढीच्या वयातल्या घोड्याचं मागचं अंग पुढच्यापेक्षा उंच असतं, त्यामुळे खोगीर पुढे सरकून खांद्यावर चढतं. एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरदार असणं तर फारच सर्रास आढळतं.

भीमथडी घोड्याचं दुखणं निराळं. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ही काटक, बुटकी जात. तिची अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. बुटक्या घोड्याची पाठही आखूड असते. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये, कारण तिथून पुढे कंबरेला बरगड्यांचा आधार नसतो. मोठ्या घोड्याचं खोगीर तट्टावर टाकलं की नेमकं हेच होतं.

जास्त गादी घातली की झालं?

नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. अरुंद खोगीर टोचतंय म्हणून खाली जाड गादी घालणं म्हणजे चपला लागतात म्हणून दोन मोजे घालणं. जागा आणखी कमी होते. खांद्यामागचे स्नायू दाबून दाबून झिजतात, तिथे खळगे पडतात. मग मालकाला वाटतं घोडा बारीक झाला, आणि तो अजून अरुंद खोगीर आणतो.

‘खोगीरभरती’ म्हणजे आपल्याकडे निरुपयोगी भर. जुन्या खोगिरात चिंध्या-चिंधोट्या कोंबत, त्यावरून हा शब्द रूढ झाला. खरं तर खोगिराच्या दृष्टीने भरती मुळीच क्षुल्लक नाही. आजच्या चांगल्या इंग्लिश पद्धतीच्या खोगिरातही खालच्या दोन गाद्यांमध्ये लोकर भरलेली असते आणि घोड्याचं अंग बदललं की कारागीर ती कमी-जास्त करतो. फक्त आतला सांगाडाच अरुंद असेल, तर कितीही भरती केली तरी उपयोग नाही. म्हणून आधी सांगाड्याची रुंदी जुळवायची, भरती त्यानंतर.

माप कसं घ्यायचं?

जाड, प्लास्टिकचं वेष्टण असलेली विजेची तार पुरते. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा करा, मान सरळ असू द्या. खांद्याच्या पसरट हाडाची मागची कड हाताने चाचपून शोधा आणि तिच्यामागे दोन बोटं सोडून तार पाठीवर आडवी दाबून बसवा. अलगद उचला, पुठ्ठ्यावर ठेवून आतून रेघ मारा. असाच आकार पाठीच्या मध्यभागी आणि शेवटच्या बरगडीपाशी घ्या. चौथा आकार कण्यालगत, लांबीच्या दिशेने. प्रत्येकावर तारीख आणि डावी-उजवी बाजू लिहा.

कानपूर हे खोगिराच्या धंद्याचं देशातलं जुनं केंद्र आहे आणि तिथल्या मालाला भौगोलिक मानांकनही आहे. तिथल्या कारखानदाराला हे पुठ्ठे पाठवता येतात. नुसता व्हॉट्सॲपवरचा फोटो म्हणजे माप नव्हे.

खोगीर आल्यावर

पहिल्यांदा खाली काहीही न घालता ठेवा. थोडं पुढे ठेवून मागे सरकवा, जिथे आपोआप अडेल ती त्याची जागा. स्वार बसल्यावरही उंचवट्यावर दोन-तीन बोटांची मोकळी जागा हवी. कण्यावरची मधली पोकळी पुढून मागपर्यंत तीन-चार बोटं रुंद राहिली पाहिजे. गादीखालून हात फिरवा. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. खांदे असमान असतील तर खोगीर भरदार खांद्याच्या मापाने घ्या आणि बारीक बाजूला पातळ पट्टीने भर द्या. गोल पाठीला रुंद, सपाट सांगाडा. खोलगट पाठीला खालून बाक असलेला.

मग घाम येईपर्यंत फिरवून आणा आणि खोगीर उतरवा. घाम दोन्ही बाजूंना सारखा दिसायला हवा. घामात मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे एक तर फार दाब पडतोय, नाहीतर खोगीर टेकतच नाही. हात लावला की कळतं. पाठीवर पांढऱ्या केसांचे चट्टे दिसले तर ती जुन्या दाबाची खूण, विकत घेतानाही बघण्यासारखी. तंग कसताना घोडा कान मागे टाकत असेल, चावायला वळत असेल, तर तो ‘खोडकर’ आहे असं लगेच ठरवू नका.

पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी घोड्यावर बसणाऱ्यांनीही एवढं बघावं. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. ३०० किलोच्या तट्टावर म्हणजे सगळं मिळून ६० किलो. यात बरेच पर्यटक बसत नाहीत, हे उघड आहे.

जखम झालीच तर

खोगीर बंद, पूर्ण भरून येईपर्यंत. हळद-तेल लावून दुसऱ्या दिवशी परत कामाला जुंपणं धोक्याचं आहे, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. लस दिलेली आहे का बघा आणि पशुवैद्याला दाखवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. जखमेमुळे कामाला अयोग्य झालेल्या जनावराला राबवणं हा १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे.

जखम भरल्यावर जुनंच खोगीर पुन्हा चढवण्याआधी तारेने नवी मापं घ्या. विश्रांतीत घोड्याचं अंग बदललेलं असतं. एरवीही पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा आधीच्या पुठ्ठ्यांशी पडताळा करून पाहावा.