पक्क्या रंगाचा प्रश्न

फैजपूर म्हटले की १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आठवते, नाहीतर केळीच्या बागा. त्याआधी हे गाव रंगाऱ्यांचेही होते. खानदेशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये फैजपूरची ओळख छापील सुती कापड आणि गडद निळा व तांबडा रंग यांसाठी दिली आहे. अशा कापडाबाबत गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारते, रंग पक्का आहे ना? म्हणजे तो धुण्यात जाणार नाही आणि उन्हात उडणार नाही. उन्हापासून त्वचा राखणाऱ्या मलमांच्या इतिहासात मात्र हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

१८०१ साली रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला दिसले की, वर्णपटात जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथेही सिल्व्हर क्लोराइड काळे पडते. हेच अतिनील किरण. त्यांच्यामुळे त्वचा भाजते हे १८८९ मध्ये स्वीडनच्या विडमार्कने दाखवले. लगेच १८९१ मध्ये हामर या जर्मन वैद्याने क्विनीनचे मलम सुचवले. १९३५ च्या सुमारास फ्रान्समध्ये ऑयजेन शुएलर यांनी बेंझिल सॅलिसिलेट असलेले तेल बाजारात आणले. या सर्वांपुढे प्रश्न एकच होता: हा पदार्थ किरण शोषतो का? पुढे ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ ग्रायटर यांनी ‘एसपीएफ’ हा आकडा रूढ केला. त्वचा लाल होण्यास किती जास्त वेळ लागतो, यावर तो आधारलेला आहे. लाली येते ती मुख्यतः ३२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या किरणांनी. ३२० ते ४०० नॅनोमीटरचे किरण अधिक खोल जातात, पण त्या आकड्यात त्यांना फारसे स्थान नाही.

या लांब अतिनील किरणांसाठी १९७३ मध्ये अ‍ॅव्होबेंझोनचे पेटंट घेण्यात आले. हा रेणू डायबेंझॉइलमिथेनच्या कुळातला आहे. हे कुळ आपल्या रसायनशास्त्रज्ञांना अपरिचित नव्हते. के. वेंकटरामन यांनी लाहोरला असताना १९३० नंतरच्या दशकात अभ्यासलेल्या आणि आज बेकर-वेंकटरामन या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियेत याच कुळातली संयुगे तयार होतात. (अ‍ॅव्होबेंझोन या मार्गाने बनवत नाहीत, नाते कुळाचे आहे.) वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचा खरा विषय होता रंगद्रव्ये. रंग शिकवणारा माणूस उन्हात रंगाचे काय होते हे पाहिल्याशिवाय राहत नाही. मलमे करणाऱ्यांना ही सवय नव्हती.

अ‍ॅव्होबेंझोन उन्हात टिकत नाही. त्याच्या नेहमीच्या रूपात एक हायड्रोजन अणू दोन ऑक्सिजन अणूंच्या मध्ये अडकलेला असतो आणि त्यामुळे एक कडे बनते. या रूपात तो सुमारे ३५७ नॅनोमीटरला सर्वाधिक प्रकाश शोषतो. पण शोषलेल्या ऊर्जेने काही रेणूंचे कडे सुटते. सुटलेले रूप फक्त आखूड तरंगलांबीचे किरण शोषते, शिवाय ते तुटूही शकते. म्हणजे मलम अंगावर असते, पण त्यातली एक खिडकी उघडी पडते. उपाय म्हणून ऑक्टोक्रायलिन मिसळू लागले. ते अ‍ॅव्होबेंझोनकडची जादा ऊर्जा स्वतःकडे घेते. मात्र ऑक्टोक्रायलिन असलेल्या मलमांत साठवणुकीत बेंझोफिनोन तयार होत राहते, असे २०२१ मध्ये दिसून आले. एक गळती बुजवावी तर दुसरीकडे पाझर.

याहून चांगला मार्ग जुन्या निळीतच दिसतो. निळीचा रेणू प्रकाश शोषतो तेव्हा त्यातला हायड्रोजन क्षणार्धात शेजारच्या ऑक्सिजनकडे सरकतो, ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि रेणू पूर्ववत होतो. काहीच तुटत नाही. युरोपात २००० च्या सुमारास वापरात आलेला बेमोट्रिझिनॉल याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथे हायड्रोजन ऑक्सिजनकडून नायट्रोजनकडे जाऊन परत येतो. तो अ‍ॅव्होबेंझोनलाही टिकायला मदत करतो. रेणू मोठा असल्याने त्वचेतून आत शिरण्याची शक्यताही कमी.

पण निळीचे कापड तरीही फिके पडते, कारण नीळ धाग्याला रासायनिक बंधाने जोडलेली नसते. ती घासून निघते. मलमाचेही तसेच. रेणू कितीही पक्का असला तरी घाम आणि टॉवेल त्याला काढून टाकतात. म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावायला सांगतात.

आणि लावायचे किती? वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. वेष्टनावरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावून मोजलेला असतो. प्रौढ माणसाची त्वचा सुमारे १७,००० चौरस सेंटिमीटर धरली तर एका वेळी ३४ ग्रॅम लागतील. ५० ग्रॅमची नळी दोनदाही पुरणार नाही. ज्यांच्या त्वचेत जन्मतः रंगद्रव्य नसते, अशा रंगहीनता असलेल्या मुलांना हे संरक्षण रोज हवे असते आणि खानदेशच्या एप्रिलमध्ये ते चैनीचे नसते. अशा विद्यार्थ्याला गणवेशात लांब बाह्या, पूर्ण लांबीची पँट किंवा सलवार आणि रुंद काठाची टोपी यांची मुभा दिली, तर उघडे राहतात चेहरा, मान आणि हात, म्हणजे त्वचेचा साधारण दहावा भाग. प्रौढाच्या मापानेही एका वेळी साडेतीन ग्रॅमच्या आत भागते. मुलाला त्याहून कमी लागेल, आणि तीच नळी चौदा वेळा पुरेल.