मासेदोनियाचें दान

इसवी सन ५५ च्या सुमारास संत पौलानें जेरुसलेमच्या गरीब श्रद्धावंतांसाठीं दान गोळा केलें. करिंथकरांस त्यानें लिहिलें कीं, दर रविवारीं प्रत्येकानें आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूस ठेवावें. मासेदोनियांतील ख्रिस्तसभा तर दारिद्र्यानें गांजलेल्या. तरी या सेवेंत आपणांसहि वांटा मिळावा अशी विनवणी करून त्यांनीं ऐपतीपलीकडे दिलें. कारण द्रव्यापूर्वीं त्यांनीं स्वतःस प्रभूला वाहिलें होतें. पुढें त्या रकमेविषयीं कोणास संशय येऊं नये म्हणून ख्रिस्तसभांनीं निवडलेला एक बंधु सोबतीस देण्यांत आला.

देवळांतील दानपेटीपुढें हाच क्रम ध्यानीं ठेवूं या: प्रथम अंतःकरण, मग पैसा, शेवटीं चोख हिशोब. हिशोबाची जबाबदारी आम्हां धर्मगुरूंची होय.