लायटर गेला, सॉकेट राहिलं

पळस्पे फाट्यावरून गोव्याचा महामार्ग आणि जेएनपीटीचा रस्ता फुटतात. तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडे निघालं की लागलीच कोन. या भागातून जाणाऱ्या कुठल्याही गाडीत डोकावा: काचेवर डॅशकॅम, डॅशबोर्डवर मोबाइल, भाड्याची गाडी असेल तर ट्रॅकरसुद्धा. फास्टॅगचं एक बरं आहे, त्याला गाडीची वीज लागतच नाही. टोलनाक्यावरच्या अँटेनाच्या लहरींवर त्याचं भागतं. बाकी सगळ्यांना करंट हवा, आणि अजूनही तो अनेकदा गिअरजवळच्या एका गोल भोकातून घेतला जातो. हे भोक पाडलं होतं विडीकाडीच्या सोयीसाठी.

अमेरिकेत 1920च्या दशकात गाड्यांना विजेचे लायटर बसू लागले. सुरुवातीचे काही वायरीच्या गुंडाळीचे होते. तापलेलं टोक वायरीसकट तोंडापाशी ओढायचं. बिनवायरीच्या, उपसून घ्यायच्या लायटरचं पेटंट 1921 सालचं. 1950च्या दशकात त्याला आपल्या ओळखीचं रूप आलं. बटण आत दाबलं की तारेचं वेटोळं दोन धातूंच्या जोडपट्ट्यांत अडकतं आणि लाल होतं. पट्ट्या तापून फाकतात आणि लायटर टक्कन बाहेर येतो. खेळ काही सेकंदांचा, पण तेवढ्यात आठ-दहा अँपिअर ओढले जातात. त्यामुळे या सॉकेटची वायर जाड ठेवावी लागली, फ्यूज मोठा द्यावा लागला. प्लग घट्ट धरून ठेवायची सोय मात्र कुणी केली नाही, कारण लायटर मुळात बाहेर पडण्यासाठीच होता. खड्ड्यात गाडी आदळली की चार्जर सैल होतो, त्याचं मूळ इथे आहे. सैल टोकाशी ठिणगी पडते, सॉकेट गरम होतं, आणि माणूस चार्जर बदलत बसतो.

1950च्या दशकाच्याच मध्यात अमेरिकन गाड्या 6 व्होल्टवरून 12 व्होल्टवर आल्या. मोठी इंजिनं फिरवायला जोर हवा होता. तेवढ्याच वॅटना व्होल्ट दुप्पट केले की करंट निम्मा लागतो, वायर बारीक चालते. आज गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक किरकोळ वस्तूंवर ‘12 व्होल्ट’ छापलेलं असतं, ते या निर्णयामुळे.

मुंबईकरांचा गाडीतल्या वायरजोडणीतला शिक्षक म्हणजे फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या कंपनीची ही गाडी कुर्ल्यात बनायची. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर 2023पर्यंत शहरात होती. टॅक्सीवाल्यांनी तिच्यात काय काय जोडलं नाही! टेप, छोटा पंखा, देवापुढचा रंगीत दिवा. फ्यूज चिनीमातीचे, वरून उघडी धातूची पट्टी असलेले. जोडणी वाढली की पट्टी वितळायची. मग सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तोच फ्यूज परत बसवायचा. गाडी चालू व्हायची हे खरं, पण आता वितळायची पाळी वायरीची असायची. फ्यूज टेपला किंवा मोबाइलला वाचवायला नसतोच, तो वायर पेटू नये म्हणून असतो. चांदीला हे कुठून कळणार?

1976मध्ये अमेरिकेत प्लॅस्टिकचे पात्याचे फ्यूज आले आणि रंगांवरून अँपिअर ओळखता येऊ लागले: लाल 10, निळा 15, पिवळा 20. यात चांदी गुंडाळायला जागा नाही. पण लाल उडाला की पिवळा ठोकून देणारे आहेतच.

मोबाइल आले आणि सॉकेटचं काम पालटलं. आता त्यात बसणाऱ्या चार्जरला 12 व्होल्टचे 5 करून द्यायचे होते. सुरुवातीच्या साध्या सर्किटांत उरलेले व्होल्ट नुसते उष्णता होऊन जायचे. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14च्या आसपास व्होल्ट असतात, तेव्हा एक अँपिअर घेतला तर 9 वॅट चार्जरच्याच पोटात. नंतरचे चार्जर वीज झपाट्याने चालू-बंद करत व्होल्ट उतरवतात, म्हणून थंड राहतात. स्वस्तातल्या चार्जरमध्ये मात्र अनेकदा झटक्यापासून बचाव नसतो. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल निघालं तर काही क्षणांपुरते ऐंशी-नव्वद व्होल्टही उसळू शकतात.

डॅशकॅमने तर अनेक गाड्यांत सॉकेटच सोडलं. तो गाडी उभी असतानाही जागा राहायला हवा, म्हणून लाइन थेट फ्यूजबॉक्समधून घेतात. रस्त्याकडेचा इलेक्ट्रिशियन चांगला असेल तर आधी टेस्टरने बघतो कुठला फ्यूज इग्निशनवर आहे आणि कुठला कायम जिवंत. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावत नाही. जोडायच्या लाइनला स्वतःचा छोटा फ्यूज देतो, आणि थेट बॅटरीवरून घेतली तर तो फ्यूज टर्मिनलपासून वीतभरात बसवतो. त्यापुढची वायर कुठेही घासली तरी धोका तिथेच तुटतो. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबर घालतो, कारण धारेवर आवरण कापलं जातं. अर्थ घेताना बोल्टखालचा रंग खरवडतो. खांबातून वायर नेताना पडद्याच्या एअरबॅगच्या मागून नेतो, पुढून नाही. कॅमेरा उभ्या गाडीत 0.3 अँपिअर खात असेल तर दिवसाला सात अँपिअर-तास झाले. 35 अँपिअर-तासांची लहान गाडीची बॅटरी चार-पाच दिवसांत झोपते. म्हणून व्होल्ट ठराविक पातळीखाली गेले की तोडणारं कटऑफ लागतं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणि जेएनपीटीहून येणाऱ्या बहुतेक अवजड वाहनांत हिशोबच वेगळा असतो: दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट. फक्त 12चा चार्जर त्यावर लावला की खलास. मग चालक एकाच बॅटरीवरून 12 ओढून टेप, पंखा, मोबाइल चालवतो. ही युक्ती जुनी आहे आणि लगेच काही बिघडत नाही. पण एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरत राहते, आणि दोन्ही लवकर जातात. 24चे 12 करणारा कन्व्हर्टर बॅटऱ्यांच्या नव्या जोडीच्या मानाने फारच स्वस्त मिळतो.