वादळापूर्वीचे दोन दिवस

इ. स. १६१८ च्या मे महिन्यात वसईवर जे अरिष्ट कोसळले, त्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. आधी रोगराई, तिच्यामागून चक्रीवादळ आणि त्यामागून अवर्षण, अशी संकटांची रांगच त्या वर्षी या प्रदेशावर चालून आली. वाऱ्याने होड्या उलथल्या, हजारो माड मुळासकट उपटले गेले आणि फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरूंच्या चर्चचीही पडझड झाली. पुढे पाऊसच न आल्याने उपासमार एवढी वाढली, की आईबाप पोटची मुले दलालांना विकू लागले. येशूसंघीयांनी आपल्या तुटपुंज्या जेवणातून काटकसर करून ही विक्री थांबवण्यास हातभार लावला, असेही ती नोंद सांगते.

या हकिकतीतील एक गोष्ट मनाला चटका लावून जाते. वादळाने जे नेले ते एका रात्रीत नेले. परंतु लेकरे विकण्याची वेळ आली ती त्यानंतर. घरात धान्य नव्हते आणि पुढच्या हंगामाची आशाही उरली नव्हती. वारा केव्हा येईल हे त्या काळी कोणालाच कळण्याजोगे नव्हते. आज ते कळते. ते कसे कळू लागले आणि कळूनही माणसे का मेली, हा इतिहास आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावा असा आहे. त्यातील काही महत्त्वाची पाने धर्मगुरूंनीच लिहिली आहेत.

चक्रीवादळाला इंग्रजीत जे नाव आहे, ते हेन्री पिडिंग्टन या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात रूढ केले. त्याच शहराला ५ ऑक्टोबर १८६४ रोजी भीषण वादळाने झोडपले आणि हजारो जीव गेले. पुढल्याच वर्षी बेल्जियमचे येशूसंघीय फादर यूजीन लाफों तेथील सेंट झेवियर कॉलेजात रुजू झाले. कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी साधीशी वेधशाळा उभारली आणि १८६७ च्या नोव्हेंबरात येणाऱ्या वादळाची आगाऊ सूचना सरकारला दिली. तिच्यामुळे वेळीच बंदोबस्त करता आला व पुष्कळ लोक वाचले. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली, ती यानंतर आठ वर्षांनी.

त्याच १८७५ साली पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, क्युबा बेटावरील हवाना शहरात, आणखी एक येशूसंघीय वादळांचा अभ्यास करीत होते. फादर बेनितो विन्येस हे स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातले. १८७० मध्ये ते हवानाच्या बेलेन महाविद्यालयातील वेधशाळेचे संचालक झाले. (बेलेन म्हणजे बेथलेहेम.) पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवसातून अनेकदा ते वायुभारमापक पाहत, वाऱ्याची दिशा टिपत, आणि ढग कोणत्या उंचीवर कोणत्या दिशेने सरकतात याची नोंद करीत. वादळ शमले की नुकसान झालेल्या गावांत स्वतः जाऊन झाडे कोणत्या दिशेला पडली आहेत, हेही ते पाहत.

या चिकाटीतून त्यांना जे उमगले ते थोडक्यात असे : वादळाच्या पोटात हवेचा दाब अत्यंत कमी असतो व वारे त्या केंद्राभोवती गरगरत आत शिरतात. आत शिरलेली हवा वर चढते आणि उंचावरून बाहेर फेकली जाते. तिच्याबरोबर पिसाऱ्यासारखे तंतुमेघ शेकडो मैल पसरतात. हे ढग आकाशात ज्या बिंदूपासून फाकलेले दिसतात, त्या दिशेला वादळ असते. तो बिंदू दिवसभरात कोणीकडे सरकतो हे पाहिले, की वादळाची वाटही कळते. आपल्या डोक्यावर ऊन असतानाच क्षितिजापलीकडचे संकट ओळखण्याची ही युक्ती होती.

११ सप्टेंबर १८७५ रोजी फादर विन्येस यांनी आपला इशारा हवानाच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केला. दोन दिवसांनी वादळाने क्युबाचा दक्षिण किनारा झोडपून काढला. परंतु लोक सावध झाले होते आणि पुष्कळांचे प्राण वाचले. तेच वादळ पुढे टेक्सासला गेले आणि १६ सप्टेंबर रोजी इंडियानोला नावाचे भरभराटीचे बंदर त्याने उद्ध्वस्त केले. पुढे १८८६ च्या वादळाने उरलेसुरलेही नेले व ते गाव कायमचे ओस पडले.

फिलिपिन्समध्ये फादर फेदेरिको फाउरा यांनी हेच कार्य केले. मनिलाच्या येशूसंघीय वेधशाळेतून त्यांनी ७ जुलै १८७९ रोजी तुफानाचा पहिला इशारा दिला. त्यांची दुसरी कामगिरी मला अधिक मोलाची वाटते. १८८६ मध्ये त्यांनी एक वायुभारमापक सिद्ध केला. त्याच्या तबकडीवर नुसते आकडे नव्हते, तर काटा कोठे आला म्हणजे हवा कशी बदलणार हे शब्दांत लिहिलेले होते. विद्वानांच्या वेधशाळेतील ज्ञान त्यांनी अशा रीतीने जहाजाच्या तांडेलापर्यंत आणि सामान्य घराच्या भिंतीपर्यंत आणून पोचवले.

मात्र इशारा घरापर्यंत पोचला नाही तर काय होते, हे गॅल्व्हेस्टनच्या कथेवरून दिसून येते. १८९८ च्या युद्धानंतर क्युबा अमेरिकेच्या लष्करी अमलाखाली आले होते. फादर विन्येस १८९३ मध्ये निवर्तले होते. बेलेनची धुरा फादर लोरेन्सो गांगोइते यांच्याकडे होती. क्युबातील निरीक्षकांचे अंदाज अमेरिकन हवामान खात्याच्या अधिकाऱ्यांना रुचत नसत. म्हणून १९०० च्या ऑगस्टअखेरीस क्युबातून वादळविषयक तारा पाठवण्यावर बंदी घालण्यात आली. सप्टेंबरच्या आरंभी एक वादळ क्युबावरून गेले. ते उत्तरेकडे वळेल असे अमेरिकन खात्याने ठरवले, तर हवानाच्या निरीक्षकांचे मत ते पश्चिमेकडे, टेक्सासच्या रोखाने जाईल असे होते. हवानाचे मत खरे ठरले. ८ सप्टेंबर रोजी, पवित्र मरियेच्या जन्माच्या सणादिवशी (ज्याच्या पुढच्या रविवारी आपल्याकडे वांद्र्याच्या मतमाउलीची जत्रा सुरू होते), समुद्र गॅल्व्हेस्टन बेटावर चढला. बेटावरील सर्वांत उंच जागा नऊ फुटांहूनही कमी होती. पाणी पंधरा फुटांवर गेले. सहा हजारांहून अधिक माणसे दगावली.

त्या किनाऱ्यावर धर्मभगिनींनी चालवलेला सेंट मेरी अनाथाश्रम होता. दहा भगिनी आणि ९३ मुले. पाणी वाढू लागले तेव्हा भगिनींनी मुलांना अधिक भक्कम इमारतीत नेले. मुले वाहून जाऊ नयेत म्हणून कपडे वाळत घालण्याच्या दोरीने प्रत्येक भगिनीने त्यांना आपल्या कमरेशी बांधून घेतले आणि त्यांच्याकडून मरियेचे स्तोत्र म्हणवून घेतले. इमारत कोसळली. दहाही भगिनी आणि नव्वद मुले गेली. तीन मुलगे तेवढे वाचले. या भगिनींच्या प्रेमात वा धैर्यात काय उणे होते? त्यांना उणा पडला तो केवळ वेळ. वादळाचे खरे रूप दोन दिवस आधी कळले असते, तर ती दोरी कपडे वाळत घालण्याच्याच कामी राहिली असती.

आपल्या देशात या धड्याचे फळ दिसले आहे. ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे पक्की निवारागृहे बांधली गेली आणि गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांनी वेळेत घरे सोडली आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. समुद्र तोच आणि किनाराही तोच होता. माणसे मात्र मिळालेल्या वेळेचा उपयोग करायला शिकली होती.

आपणा कोकणकिनाऱ्यावरील लोकांना तयारी शिकवावी लागत नाही. आगोट जवळ आली की आपल्या आजी घर शाकारून घेत, पडवीला झापांचा आडोसा करीत, सुके बोंबील, जवळा, कांदा, चिंच, मीठ, सरपण यांची चार महिन्यांची बेगमी करीत. १६१८ ची आठवण कोणाला नसेल, पण तिच्यातील शहाणपण या बेगमीत उतरले होते. मात्र आगोट ही ठरल्या वेळी येणाऱ्या पावसासाठी असते. चक्रीवादळ तिथी पाहून येत नाही. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’ आगोटीच्या ऐन धांदलीत आले, तर ‘फयान’ २००९ च्या नोव्हेंबरात, पावसाळा संपल्यावर. म्हणून जुन्या बेगमीत थोडी भर घातली पाहिजे.

घरातील प्रत्येक माणसामागे रोजचे चार लिटर, असे निदान तीन दिवसांचे पिण्याचे पाणी झाकून ठेवावे. वीज गेली की पंप बंद पडतो, हे ध्यानी असावे. सातबारा, रेशनकार्ड, बाप्तिस्म्याचे व शाळेचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच जागी ठेवावेत. आजारी माणसाची आठवड्याची औषधे, बॅटरी, बॅटरीवर चालणारा रेडिओ, सुके खाणे आणि दोर एकाच ठिकाणी असावेत, म्हणजे अंधारातही हाती लागतील. छपरावर आलेल्या फांद्या मे महिन्यापूर्वीच उतरवाव्यात. इशारा येताच गॅस व विजेचे मुख्य बटण कोणी बंद करायचे, गुरे कोणी सोडायची, शेजारच्या एकट्या म्हातारीला कोणी आणायचे आणि सगळ्यांनी कोठे जमायचे, हे जेवताना बोलून ठरवावे. वारा एकाएकी थांबला तर बाहेर धावू नये. तो वादळाचा डोळा असतो. थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने, तितक्याच जोराने येतो.

शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. दिवे दहाही जणींकडे होते. भेद होता तो जादा तेलाचा, आणि ते मध्यरात्री उसने मिळण्यासारखे नव्हते. संकटात जपमाळ हाती घेणे हा आपला जुना आधार आहे आणि तो असावाच. फादर विन्येसही प्रार्थना करीत असतील; पण त्याबरोबर रोज पहाटे उठून वायुभारमापकही पाहत. आज त्यांचे काम उपग्रह करतात आणि इशारा आपल्या हातातील फोनवर येतो. हवानाला मिळाले तसे दोन दिवस बहुधा आपल्यालाही मिळतात. त्या दोन दिवसांत काय करायचे, हे मात्र प्रत्येक घराने आधीच ठरवून ठेवायला हवे.