संकेतस्थळावरील ध्वनियोजना

संकेतस्थळावरील ध्वनियोजना : संकेतस्थळाच्या पानाला संगीत, निवेदन, ध्वनिसंकेत किंवा इतर आवाज जोडण्याची रीत. पानात आवाज बसवणे आज एका ओळीचे काम झाले आहे, आणि त्यामुळे या विषयाचा इतिहास बहुधा फाइलींच्या प्रकारांची वंशावळ म्हणून सांगितला जातो. ती मांडणी अपुरी आहे. आवाज ऐकणाऱ्याच्या संगणकापर्यंत पोहोचवण्याची अडचण जलद जोडण्या आल्यावर बऱ्याच अंशी मिटली. तो सुरू कोणी करायचा, पान रचणाऱ्याने की उघडणाऱ्याने, हा वाद मात्र त्यानंतरच खरा पेटला. ब्राउझर बनवणाऱ्यांचे आणि प्रमाणके ठरवणाऱ्यांचे बहुतेक मोठे निर्णय या वादातले निवाडे आहेत, आणि ते टप्प्याटप्प्याने ऐकणाऱ्याच्या बाजूने झुकत गेले आहेत.

प्रारंभ : मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९५) ‘बीजीसाउंड’ हा टॅग आला. पान उघडताच संगीत सुरू होई आणि ते थांबवायला पानावर काहीच नसे. नेटस्केपमध्ये ‘एम्बेड’ टॅगने हेच साधता येई. तिथे वाजवण्या-थांबवण्याच्या कळा दाखवायची सोय होती, तशीच त्या लपवण्याचीही. म्हणजे सुरुवातीचा सगळा अधिकार पान रचणाऱ्याकडे होता. ‘बीजीसाउंड’ला प्रमाणकात कधीच जागा मिळाली नाही.

मिडीचा काळ : सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि दोन वाहिन्या असतात, म्हणजे एका मिनिटाला सुमारे साडेदहा मेगाबाइट जागा लागते. २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवर तेवढा एक मिनिट उतरायला आदर्श परिस्थितीतही ४९ मिनिटे लागली असती. म्हणून जिओसिटीजसारख्या मोफत जागेवर पाने थाटणाऱ्या हौशी मंडळींनी मिडीचा आधार घेतला. मिडी (१९८३) हा मुळात वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याचा संकेत. मिडी फाइलीत आवाज नसतोच. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबायची आणि केव्हा सोडायची एवढ्याच सूचना असतात, आणि त्यामुळे पूर्ण गाणे थोड्याच किलोबाइटांत मावते. १९९१च्या ‘जनरल मिडी’ने १२८ वाद्यांची क्रमवार यादी ठरवून दिली. तीत १०५ क्रमांकावर सतार आणि ११२ वर सनई आहे, पण तबला आणि हार्मोनियम त्या नावांनी नाहीत. सप्तकाचे बारा भाग गृहीत धरलेले असल्याने मींड घ्यायची तर स्वर वाकवण्याची वेगळी सूचना द्यावी लागते, आणि ती सूचना त्या वाहिनीवरच्या सगळ्याच स्वरांना लागू होते. भावगीताची चाल अशा फाइलीत ओळखू येई, गायकी येत नसे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट ही, की त्या सूचना ऐकणाऱ्याच्या साउंड कार्डावर वाजत. स्वस्त कार्ड तेच सूर कृत्रिम पद्धतीने घडवी, तर महागड्या कार्डात खऱ्या वाद्यांचे नमुने साठवलेले असत. पान रचणारा संगीत लादू शकत होता. पलीकडे नेमके काय ऐकू जाते आहे, हे मात्र त्याला कळत नव्हते. त्याची सत्ता पहिल्यापासूनच अशी अर्धवट होती.

मधला काळ : रिअलऑडिओने (१९९५) फाइल पूर्ण उतरण्याआधीच ऐकण्याची सोय केली, तर एमपी-३ ने सेकंदाला १२८ किलोबिटांत सीडीचा ध्वनी सुमारे अकरापट आटवला. पुढे मॅक्रोमीडियाच्या (नंतर अडोबीच्या) फ्लॅशने चित्र, हालचाल आणि आवाज एकत्र आणले. आवाज बंद करण्याचे बटण देणे न देणे ही इथेही रचनाकाराचीच मर्जी होती. फ्लॅशला अडोबीचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला.

प्रमाणीकरण : एचटीएमएल-५ (शिफारस, २०१४) मध्ये ‘ऑडिओ’ हा स्वतंत्र टॅग आला आणि ब्राउझरला बाहेरून जोडाव्या लागणाऱ्या प्लगइनची गरज उरली नाही. या टॅगला ‘कंट्रोल्स’ (कळा दाखवणारा) आणि ‘ऑटोप्ले’ (आपोआप सुरू करणारा) असे दोन्ही गुणधर्म जोडता येतात. वादाचे दोन्ही पक्ष एकाच टॅगात नांदतात. कोणता फाइलप्रकार सर्व ब्राउझरांना बंधनकारक असावा, यावर एकमत झाले नाही. मसुद्यातला ऑग व्हॉर्बिस या फाइलप्रकाराचा उल्लेख २००७ मध्ये काढला गेला. त्याच्या कारणांविषयी वेगवेगळी मते आहेत. एमपी-३ वापरण्यासाठी परवाना घ्यायला लावणारा कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाल्यावर या भांडणाची धार गेली.

सुगम्यता : ऐकणाऱ्याच्या बाजूचा एक सुरुवातीचा लेखी निवाडा डिसेंबर २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या मार्गदर्शक तत्त्वांत सापडतो. आपोआप सुरू होणारा आवाज तीन सेकंदांहून अधिक चालत असेल, तर तो थांबवण्याची किंवा संगणकाच्या एकूण आवाजाला हात न लावता कमी करण्याची सोय हवी, असा १.४.२ हा निकष आहे. तो ‘ए’ म्हणजे किमान पातळीवर ठेवलेला आहे, आणि त्यामागचे कारण सौजन्याचे नसून कामकाजाचे आहे. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरचा आवाज ऐकून पान वाचते. पार्श्वसंगीत त्याच आवाजावर चढते आणि ते बंद करण्याचे बटण शोधायलाही त्याच आवाजाची गरज पडते. या निकषाकडे अपंगांसाठी केलेली सवलत म्हणून पाहिले जाते, ते बरोबर नाही. पुढच्या दशकात ब्राउझरांनी सर्वांसाठी केलेल्या नियमांचे बीज त्यातच आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वेही याच तत्त्वांवर बेतलेली आहेत.

ऑटोप्लेवरील बंधने व आक्षेप : सफारी ११ (२०१७), क्रोम ६६ (२०१८) आणि फायरफॉक्स ६६ (२०१९) यांनी वापरकर्त्याने पानाला स्पर्श किंवा क्लिक करण्याआधी आवाज सुरू होणे सामान्यतः बंद केले. यावर पहिला आक्षेप असा, की रंग आणि चित्रेही रचनाकारच लादतो, मग बंदी आवाजालाच का? फरक साधा आहे. नको असलेले चित्र टॅब बदलताच दिसेनासे होते. आवाज मात्र टॅब बदलल्यावरही चालू राहतो. अनेक टॅबांतून नेमका कोणता वाजतो आहे, हे दाखवण्यासाठी क्रोमला २०१४ मध्ये टॅबवर स्पीकरचे चिन्ह आणावे लागले, यातच त्या फरकाची कबुली आहे. दुसरा आक्षेप खेळ आणि ध्वनिकलाकृती रचणाऱ्यांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. वेब ऑडिओ एपीआय (पानातच ध्वनी घडवण्याची ब्राउझरमधली सोय) वापरून केलेल्या अनेक जुन्या कृती या नियमाने मुक्या झाल्या आणि ज्यांचे कर्ते त्यांच्याकडे परत फिरकणार नव्हते, त्यांना दुरुस्त कोण करणार? ओरड झाल्यावर क्रोमने मे २०१८ मध्ये या एपीआयपुरता नियम मागे घेतला आणि वर्षअखेरीस आवृत्ती ७१ मध्ये, पहिल्या क्लिकनंतर बहुतांश जुन्या कृती आपोआप वाजू लागतील अशी तजवीज करून, पुन्हा आणला. नुकसान शून्यावर आले नाही, पण नियम सोडून देण्याइतके ते उरले नाही; नव्या कृतीला तर आरंभी एक क्लिक मागणे मुळीच जड नाही.

तिसऱ्या आक्षेपाला समाधानकारक उत्तर नाही. एखाद्या संकेतस्थळावर आपण आवाजासह माध्यमे किती वेळा ऐकतो-पाहतो याची क्रोम मोजदाद ठेवतो आणि पुरेसा वापर दिसला की तिथे आपोआप वाजू देतो. जिच्या वापराचा इतिहासच नाही अशा व्यक्तीसाठी, इतरांच्या सवयींवरून निवडलेल्या हजाराहून अधिक संकेतस्थळांना ही मोकळीक सुरुवातीपासून असेल, असे गूगलने २०१८ मध्ये जाहीर केले. इथे संमती मागितलेली नसून सरासरीवरून गृहीत धरलेली आहे, आणि तिचा लाभ लहान प्रकाशकापेक्षा आधीच मोठ्या असलेल्यांना होतो. ऐकणाऱ्याचा अधिकार मान्य करणे एक आणि त्याच्या वतीने तो वापरणे दुसरे. ही सीमारेषा या योजनेत पुसट झाली आहे.

हक्क : पानाला गाणे जोडायचे तर परवानगीचाही प्रश्न येतो. भारतात गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात (कॉपीराइट कायदा, १९५७). याच कायद्यातला प्रसारणासाठीचा कलम ३१-ड चा वैधानिक परवाना इंटरनेटवरील सेवांना लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक ही संगीतसेवा यांच्यातील प्रकरणात २०१९ मध्ये ठरवले. खंडपीठाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.



न ऐकू येणारा ध्वनी : वेब ऑडिओ एपीआय (शिफारस, २०२१) स्पीकरपर्यंत न नेताही ध्वनीवर गणित करू शकते. वेगवेगळ्या यंत्रणांवर त्या गणिताच्या उत्तरात सूक्ष्म फरक पडतो आणि त्यावरून वापरकर्त्याचा संगणक ओळखता येतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दहा लाख संकेतस्थळे तपासली, तेव्हा ही युक्ती प्रत्यक्ष वापरात आढळली. ऑटोप्लेचे नियम कानाला ऐकू येणाऱ्या आवाजापुरतेच असल्याने या प्रकाराला त्यांची आडकाठी होत नाही.